थोरलीचं कापड

पाद्रीने बाळाला दोन्ही हातांवर घेऊन पाण्याच्या कुंडाकडे वळवलं, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतला उजेड झग्यातून आरपार गेला आणि नेटाला कापडात एक रेघ दिसली. ती चुणी नव्हती, शिवणही नव्हती. फिकट राखाडी रेघ, सरळ गेलेली आणि खाली घेराजवळ हलकेच वळलेली. तिच्या कडेला मुंगीएवढे दोन-तीन आकडे. पाद्रीचा हात मध्ये आला, रेघ गेली. हात बाजूला झाला, पुन्हा आली. असल्या रेघा नेटाला माहीत होत्या. लढाईच्या वर्षांत जहाजं बांधायच्या यार्डातल्या ट्रेसर पोरींच्या हातरुमालांवर त्या असायच्या, ट्रेवर घालायच्या कापडांवर असायच्या. कितीही उकळा, शाई कुठेतरी थोडी मागे राहतेच. मैत्रीण एफीने नातीसाठी घरातल्या जुन्या कापडाचा झगा शिवला असेल, एवढंच तिच्या मनात आलं, आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याला कोपराने खुणावून ती गंमत दाखवावी म्हणून ती वळली. तर फर्गसचा उजवा हात त्याच्या गुडघ्यावर हलत होता. अंगठा आणि शेजारची दोन बोटं पेन्सिल धरावी तशी जुळलेली, आणि ती पँटवरून सरळ गेली, खाली आली, आणि हलकेच वळली. चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं. चर्चमध्ये पुरुषांचा असतो तसा चेहरा, दाढी केलेला आणि बंद. नेटाने उचललेलं कोपर तसंच खाली आणलं. असं कोपर गेली चाळीस वर्षं तिने अधूनमधून खाली आणलं होतं.

फर्गस यार्डाच्या नकाशाघरात होता, आणि एफी तिथल्या ट्रेसर पोरींपैकी एक. पुरुषांनी पेन्सिलीने कागदावर काढायचं आणि पोरींनी त्यावर खळ दिलेलं निळसर, काचेसारखं तुळतुळीत कापड ताणून तेच शाईने गिरवायचं, असा तिथला रिवाज. तलम लिननच ते, पण वरची खळ अशी की पाण्याचा थेंब पडला तर पांढरा डाग उठायचा आणि आठवड्याचं काम वाया जायचं. म्हणून पोरींना मेजाजवळ चहा न्यायची बंदी, शिंक आली तर तोंड फिरवायची सक्ती, आणि उन्हाळ्यात मनगटांना खडूची भुकटी. हे सगळं नेटाला फर्गसने सांगितलं होतं, लग्नाआधी, क्लाइड नदीच्या काठाने फिरताना. तेव्हा ते ऐकायला गोड वाटलं होतं. पुढे एकदा, रात्री मोज्यांना टाचा घालताना, तिला एकाएकी ते दिसलं: त्याने ओढलेल्या प्रत्येक रेघेवरून एफीचा हात गेला आहे. तो जिथे थांबला तिथे ती थांबली, तो जिथे वळला तिथे ती वळली, त्याने जिथे जोर दिला ते तिला कागदावरच्या दाबावरून कळलं. नेटाने त्याच्यासाठी स्वेटर विणले होते, त्याच्या छातीचं माप तिला तोंडपाठ होतं. पण एखाद्या माणसाच्या हातामागून हात असा दिवसचे दिवस न्यायचा, तोही श्वास रोखून, हे तिला कधी मिळालं नव्हतं. आणि पगार मिळत होता एफीला त्याचा.

त्या वर्षांत ते काढत होते ते विमानवाहू जहाज. त्याला नाव नव्हतं. नाव पाण्यात उतरवताना देतात, तोवर यार्डाचा नुसता एक आकडा. पण आकड्याने कोण हाक मारणार, म्हणून सगळं यार्ड तिला थोरली म्हणायचं. थोरलीचा कणा बसला, थोरलीच्या बरगड्या चढल्या, आज थोरलीवर माणूस पडला. फर्गसच्या वाट्याला तिचा वरचा डेक आला होता, विमानं उतरायची ती लांबच लांब पाठ, आणि त्यातही पुढचं टोक. नेटा तेव्हा सोसायटीच्या दुकानात लोण्याच्या फळीमागे उभी असायची. रेशनच्या मापाचं लोणी लाकडी थाप्यांनी चौकोनी करायचं, कागदात बांधायचं. यार्डात बायकामाणसांना, म्हणजे कामावर नसलेल्यांना, पाऊल ठेवता येत नसे. थोरली तिने पाहिली ती नदीवरच्या फेरीबोटीतून, भिंतीच्या वर आलेली, नुसत्या बरगड्या, आणि त्यांच्यातून पलीकडचं आभाळ. फर्गस शेजारी उभा होता. "ते बघ, तिथून पुढे," तो म्हणाला, आणि बोट हवेत फिरवून त्याने तिला काहीच नसलेल्या जागी डेक दाखवला. ती हो हो म्हणाली. तिला काही दिसलं नव्हतं. एफी इथे उभी असती तर तिला दिसलं असतं, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं, एफीला तिने अजून पाहिलंही नव्हतं तेव्हा.

मग लढाई संपली आणि थोरली नको झाली. वरून कागद आला, काम थांबलं, आणि काही महिन्यांनी गॅसच्या ज्योती घेऊन माणसं तिच्या बरगड्यांवर चढली. ज्यांनी रिव्हेट मारले होते तीच माणसं. नेटाला, खोटं कशाला, बरं वाटलं होतं. नवीन लग्न, सासूच्या घरातून सुटून दोन खोल्या मिळालेल्या. सवत बोहल्यावर चढायच्या आधीच गेली असं वाटलं. पण ती गेली नाही. यार्डातून पूर्ण होऊन गेलेली बाकीची जहाजं म्हातारी झाली, गंजली, भंगारात निघाली. त्यांचा विषय निघाला की फर्गस हात झटकायचा. थोरली मात्र होती तशी राहिली. तिला कधी लाट लागली नाही, तिच्यात कधी दोष निघाला नाही, तिच्या पाठीवर एकही विमान चुकीचं उतरलं नाही. जिवंत बाईशी भांडता येतं. ती चुकते, जाड होते, तिच्या तोंडाला वास येतो. जी झालीच नाही तिच्याशी कसं भांडायचं? नेटा चाळीस वर्षं धाकटीच राहिली.

आणि झगा. त्यांचा इयन झाला तो सत्तेचाळीसच्या त्या हिवाळ्यात, नळ गोठले होते आणि कोळसा मिळत नव्हता. कपडे कुपनावर. त्याच्या बाप्तिस्म्याला झगा हवा होता. नेटाला ठाऊक होतं की रद्द झालेल्या नकाशांची कापडं ट्रेसर पोरी घरी नेतात, सोडा घालून उकळतात, खळ निघाली की खालून असं लिनन निघतं की मोठ्या दुकानातसुद्धा मिळायचं नाही. ती फर्गसला म्हणाली होती, "तुमचं एवढं मोठं जहाज बुडालं जमिनीवर, त्याचं एक फडकं नाही का मिळायचं पोराला?" तो शेगडीपाशी वाकलेला होता. न वळता म्हणाला, "सगळं जाळलं. लढाईचं जहाज, गुप्त असतं ते. चिठोरासुद्धा ठेवला नाही." तिला ते पटलं. शेवटी वरच्या मजल्यावरच्या बाईने आपल्या मुलांचा झगा दिला. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास होता, गळ्याशी तो घट्ट होत होता आणि इयन अख्खी प्रार्थना रडला. संध्याकाळी तो धुऊन परत द्यायचा होता. ओल्या बाळंतिणीने बर्फगार पाण्यात तो धुतला. तेव्हा तिने कुणाला दोष दिला नव्हता. जाळलं म्हणजे जाळलं.

चर्चमध्ये आता सगळे उभे राहिले होते. बाळाचं नाव कर्स्टी ठेवलं, पाद्रीने तिला बाकांच्या मधल्या वाटेने फिरवून आणलं, आणि झगा नेटाच्या अगदी जवळून गेला. जवळून त्यात काहीच दिसत नव्हतं, पांढरंशुभ्र कापड, घेराला एफीच्या हातची बारीक टीप. फर्गस समोर बघून गात होता. त्याचा आवाज अजून चांगला होता. नेटाला सकाळचं आठवलं: चहाच्या तयारीसाठी ती आधीच आली होती, तेव्हा फाटकाशी एफीच्या मुलीची, शीनाची, नणंद बाळाला घेऊन उभी होती, हातात बाप्तिस्म्याची पुडी. मुलगी असेल तर वाटेत भेटेल त्या पहिल्या पुरुषाला ती द्यायची, दोन बिस्किटं, मध्ये लोणी, आणि एक चांदीचं नाणं. तिघे पुरुष तिच्यापुढून गेले, टोप्यांना हात लावून गेले, आणि पुडी तिच्या हातातच राहिली. एफी मागून तिची बाही ओढत होती. मग बस थांबली, फर्गस उतरला, आणि पुडी त्याला मिळाली. सगळे हसले. नेटाही हसली. मैत्रीण एवढी वाट बघते आहे आपल्या नवऱ्याची, म्हणून हसली.

प्रार्थनेनंतर मागच्या दालनात चहा होता. एफीने पुढच्या दातांची नवी कवळी बसवून घेतली होती आणि ती सारखी हसत होती. वॉल्टर, तिचा प्लंबर नवरा, गेल्यापासून ती जास्तच हसायला लागली होती, असं नेटाला वाटे. बाळ तिच्या खांद्यावर होतं. ती थेट त्यांच्या टेबलाशी आली.

"काय रे फर्गस, ओळखलीस का?"

"कुणाला?"

"घ्या. कुणाला म्हणतोय. अरे, तुझी थोरली की. पोरीच्या अंगावर आहे अख्खी."

"मला वाटलंच, कुठेतरी पाहिलंय," फर्गस म्हणाला.

"पाहिलंय म्हणे. नेटा, तुला मी हे कधी सांगितलं नाही. आता सांगायला काय हरकत आहे, आपण सगळेच जायला टेकलोय. तुझा हा दादला छप्पन्न ठिकाणी बघत, रेनकोटात हे गुंडाळून माझ्या दारात आला होता. माझी आई म्हणाली, लग्न झालेला माणूस हा, याचं इथे काय काम? तर मला म्हणतो कसा, एफी, हे तू ठेव. माझ्या घरी नेलं तर नेटा पातेल्यात टाकेल." एफी खदखदून हसली, बाळ तिच्या खांद्यावर हललं. "आणि शेवटी पातेल्यात टाकलं कुणी, तर मी."

नेटा म्हणाली, "छान झालाय हो झगा."

"झालाय ना? आमची शीना म्हणाली, आई, ते रंगव नाहीतर ब्लीच कर. म्हटलं, मुळीच नाही. दोनदा उकळलं, सोडा घालून. काय खळ सुटली म्हणतेस, पातेलंभर नुसती लापशी. तेवढं पुढचं टोक काही गेलं नाही, पण कोण बघतंय? पिवळं पडायला लागलं होतं रे, फर्गस. पलंगाखाली आणखी किती वर्षं ठेवायचं? शीनाला एवढ्या वर्षांनी मूल झालं, आणि घरात असलं लिनन असताना बाजारचं नायलॉन घालू?"

आता, नेटाला वाटलं. आता तो काहीतरी बोलेल. बशी हातात घट्ट धरून ती वाट बघत राहिली. एवढं खोटं ज्याच्यासाठी बोललास, पोटच्या पोराला उसन्या झग्यात रडवलंस, ते या बाईने लापशी करून मोरीत ओतलं. बोल काहीतरी. ताड्कन ऊठ. कप आपट. निदान गोरामोरा तरी हो.

"कापड चांगलंच होतं ते," फर्गस म्हणाला. त्याने हात पुढे केले, आणि एफीने बाळ त्याच्या हातांत दिलं. त्याने ते मांडीवर नीट घेतलं, झग्याचा घेर एका बोटाने सरळ केला. "उपयोगी पडलं, हेच बरं."

म्हणजे एका वाक्यात माफ. त्याने एफीकडे चोरून जाणं, कापड देणं, हे सगळं तिला त्या दालनात, सँडविचच्या वासात, एकाएकी लहानच वाटलं. त्या वयात माणसं करतात असलं काहीतरी. पण चाळीस वर्षं त्याच्या मनात तिच्या हातात एक पातेलं होतं. तिने न केलेल्या गुन्ह्याची तो आधीच सजा देऊन बसला होता, आणि तोच गुन्हा एफीने हसत हसत केला तर त्याला सजा नाही. दर नवीन वर्षाला एफी घरी यायची, नेटा काळा केक कापून द्यायची, आणि ते दोघे वाद घालायचे, डेकच्या कडेची रेघ जाड हवी होती की बारीक. "तुझे सातचे आकडे म्हणजे घसरलेले म्हातारे," तो म्हणायचा. "आणि तुझी पेन्सिल म्हणजे कोंबडी," ती म्हणायची. तेव्हा ते दोघेही पलंगाखालच्या त्या गुंडाळीबद्दल बोलत होते तर. एफीने ती वर्षानुवर्षं जपली, तेही तिचंच. एफीने ती एका दुपारी उकळली, तेही तिचंच. जपणं तिच्या वाट्याला आलं आणि मोडणंही तिच्याच. फर्गसचं जे काही दुखायचं होतं ते दुखवायचा मानही. नेटाला त्याचा हेवा वाटला, इतका की तिला बशी खाली ठेवावी लागली.

बसमध्ये त्याने पुडी उघडून एक बिस्कीट तिच्यापुढे धरलं. तिने नको म्हणून मान हलवली. त्याने दोन्ही खाल्ली, सावकाश, खिडकीबाहेर बघत. यार्डाची भिंत गेली, आता त्यामागे काही नव्हतं. घरी आल्यावर तो स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला. ऊन अजून ओट्यावर होतं. नेटाने टोपी काढली नाही.

"एफीला काही बोलला नाहीस तू."

"काय बोलायचं? तिचं कापड."

"तिचं?"

"दिलं म्हणजे तिचंच की."

"आणि मी उकळलं असतं तर?"

तो एक बूट काढून तसाच हातात घेऊन बसला. तो उत्तर चुकवणार असं तिला वाटलं. चुकवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण तो विचार करत होता.

"तू उकळलं असतंस तर मी ओरडलो असतो," तो म्हणाला.

"मग तिच्यावर का नाही ओरडलास?"

"असं लोकांवर कसं ओरडायचं?"

लोक. हा शब्द नेटाने मनात उलटून पाहिला. तो सरळ बोलला होता, तिची समजूत काढायला नव्हे. त्याला बुटाचंच जास्त पडलं होतं. एफी लोकांतली, आणि ओरडायचं ते घरच्या माणसावर.

"मग ओरड," ती म्हणाली.

"काय?"

"मी उकळलंय. सत्तेचाळीस साली. तू कामावर गेलास आणि मी कपाटामागून काढून पातेल्यात टाकलं. आता ओरड."

"नेटा, काहीतरीच काय? जा, चहा टाक."

"चहा नाही टाकत. ओरड म्हणते ना."

त्याने तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच पाहत होता. बूट त्याने खाली ठेवला, नीट, दुसऱ्याच्या शेजारी, जणू कुठे जायचं आहे.

"कशाला?" तो म्हणाला. आवाज अगदी बारीक. मग तोच शब्द पुन्हा, आणि या वेळी काचेच्या कपाटातल्या बशा वाजल्या. "कशाला हात लावलास त्याला? काय राहिलं होतं ग तिचं? पोलाद कापून नेलं, लाकडी नमुना कुणीतरी पोराला खेळायला दिला, कागद कुजले. तेवढं एक होतं. एक अख्खा हिवाळा मी त्या पुढच्या टोकावर घातला होता, बोटं गोठायची, मिटतसुद्धा नव्हती. तुला काय करायचंय त्याचं? तुला कापड दिसतं. तुला सगळीकडे कापडच दिसतं. मला विचारायचं तरी होतंस!"

खालच्या मजल्यावरचा रेडिओ बंद झाला.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"म्हणालो असतो. शंभरदा म्हणालो असतो."

"माझ्या पोराला झगा नव्हता," नेटा म्हणाली. तिचाही आवाज चढला होता आणि तो कुठून येतोय ते तिला कळत नव्हतं. "कुपनं नव्हती. नळाला पाणी नव्हतं. तू तुझं जहाज मांडीवर घेऊन बसला होतास, आणि माझ्या पोराला अंगावर घालायला झगा नव्हता."

फर्गसची हनुवटी हलायला लागली, आणि त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले, जाड सांध्यांचे, डाग पडलेले हात. त्याला रडताना तिने दोनदा पाहिलं होतं, आई गेली तेव्हा आणि इयन कॅनडाला निघाला तेव्हा. हे तसं नव्हतं. हे लहान मुलासारखं होतं, मध्येच श्वास अडकणारं. ती लगेच त्याच्याजवळ गेली नाही. उपाशी माणसाने वाढलेल्या ताटाकडे बघावं तशी ती बघत राहिली. एफी आता दालनातल्या बशा विसळत असेल. तिला यातलं काही माहीत नव्हतं, आणि कधी होणार नव्हतं.

शेवटी त्याने रुमाल काढून नाक पुसलं.

"चांगला दिसला का?" त्याने विचारलं.

"कोण?"

"इयन. त्या झग्यात."

नेटाने खुर्ची ओढली आणि ती त्याच्यासमोर बसली. टोपीची पिन काढली, टोपी मांडीवर ठेवली.

"दिसला," ती म्हणाली. "सगळे विचारत होते, कापड कुठलं म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, नवऱ्याने आणून दिलं."